दोन मिनिटं तीन सेकंद आणि वर एक रेघ

तीर्थस्वरूप वहिनींस,

गुडघा धरल्यामुळे साष्टांग नमस्कार या खेपेला खुर्चीत बसूनच केला आहे, तो गोड मानून घ्यावा. तुमचा खांदा कसा आहे? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की हात वर जात नाही आणि वरच्या फळीवरचे डबे दादाकडून काढून घ्यावे लागतात. तो ते काढून देतो, म्हणजे तुमच्याशी तरी धड वागतो आहे, असं मी धरून चालतो. पुढचं ऐकायचं राहिलं, कारण तेवढ्यात तो आंघोळ करून बाहेर आला आणि तुम्ही फोन ठेवलात. (साठी ओलांडली तरी हा माणूस आंघोळसुद्धा शर्यत लावल्यासारखी करतो. त्याला जरा पाठबिठ चोळायला सांगत जा, म्हणजे आपलं बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकेल.) म्हणून हे पत्र. पत्रास कारण आहे, पण ते सुरुवातीलाच सांगितलं तर तुम्ही बाकीचं वाचणार नाही, आणि बाकीचं लिहायला मला आठवडा लागला आहे.

माझं म्हणाल तर ठीक आहे. खोली तीच, धोब्याच्या दुकानावरची. हिवाळ्यात इस्त्रीची ऊब फुकटात वर येते, उन्हाळ्यातही येते. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची आणि दोन कप. दुसरा कप कशाला घेतला ते आता आठवत नाही, पण नुसता ठेवला तर त्यावर धूळ बसते, म्हणून आठवड्यातून एकदा तोही धुतो. रविवारी दाढी करायची की नाही यावर बराच विचार करतो आणि शेवटी करतो. एकटं वाटतं, वहिनी. हे फोनवर सांगायचं नव्हतं, कागदावर लिहिताना तितकीशी लाज वाटत नाही.

आता कामाचं. तुम्ही लोकांना "आमचे भाऊजी शास्त्रज्ञ आहेत" असं सांगता, ते कृपा करून थांबवा. मी एका काचेच्या नळीतून पाणी खाली उतरताना बघतो आणि किती वेळ लागला ते वहीत लिहितो. तीस वर्षं हेच केलं आहे, फक्त पाणी बदलत गेलं. आधी रंग होते, मग तेलं होती, आणि आता अमाइन नावाचं एक द्रावण आहे. त्याला मासळीबाजार बंद झाल्यावर येतो तसा वास येतो. कारखान्याच्या धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड वर जातो, तो या द्रावणातून नेला की द्रावण त्याला पकडून ठेवतं. मग द्रावण तापवलं की ते सगळं सोडून देतं आणि पुन्हा पकडायला मोकळं होतं. (आपल्या घरात एकजण आहे, त्याला तापवलं तर तो आणखी घट्ट धरून ठेवतो. नाव लिहीत नाही.) यात गोम अशी की पोटात वायू गेला की द्रावण दाट होतं. फार दाट झालं तर पंपांना ते ढकलवत नाही आणि पुढचा वायूही नीट आत शिरत नाही. म्हणून दाटपणा मोजावा लागतो. नळीवर दोन रेषा असतात, वरच्या रेषेपासून खालच्या रेषेपर्यंत द्रावण उतरायला लागेल तो वेळ, एवढाच माझा धंदा. ताजं द्रावण चाळीस अंशाच्या पाण्यात बसवलं की आमच्या नळीतून एक मिनिट छप्पन्न सेकंदांत उतरतं. दाट झालं की जास्त वेळ घेतं.

हा वेळ मी आप्पांच्या स्टॉपवॉचने, म्हणजे शर्यतीच्या त्या घड्याळाने मोजतो. घड्याळाचा विषय काढला म्हणून पत्र मिटू नका. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात होतात, म्हणजे तुम्हाला फक्त दादाची बाजू ठाऊक असणार, म्हणजे काहीच ठाऊक नसणार, कारण त्याने ती सांगितलीच नसेल. तर ऐका. आप्पा शाळेत खेळाचे मास्तर होते हे तुम्हाला माहीतच आहे. दादा धावायचा, आप्पा घड्याळ धरायचे आणि मी शेवटच्या रेषेवरच्या दोरीचं एक टोक धरायचो. (दुसरं टोक खांबाला बांधलेलं असायचं. खांबाचं आणि माझं काम एकच होतं, पण खांबाला कुणी "हलू नकोस" म्हणून ओरडत नसे.) दादाची शेवटची शर्यत आठशे मीटरची. दोन मिनिटं तीन सेकंद आणि वर एक रेघ. (त्या घड्याळावर एक रेघ म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग.) पुढच्या महिन्यात त्याचा घोटा मोडला आणि धावणं संपलं ते संपलंच. आप्पांनी त्या दिवशी बटण दाबून जो काटा थांबवला, तो पुन्हा हलवला नाही. शाळेकडून दुसरं घड्याळ मागून घेतलं आणि हे काचेच्या कपाटात गेलं. चाळीस वर्षं त्यावर दादाची वेळ तशीच होती. आप्पांनी त्याचं कौतुक तोंडाने कधी केल्याचं मला आठवत नाही, जे काही होतं ते त्या काट्यात होतं.

आप्पा गेल्यानंतर मी तुमच्याकडे आलो होतो, त्याला आता तीन वर्षं झाली. दादाने कपाट उघडलं, घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "बघ, अजून तसंच आहे." वहिनी, माझा धंदाच तो. हातात घड्याळ आलं की आधी शून्यावर आणायचं, मग पुढचं. दिवसातून पन्नास वेळा, तीस वर्षं. मी काही विचार केला नाही, अंगठ्याने केला. टक् असा आवाज झाला आणि काटा शून्यावर जाऊन उभा राहिला. दादाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे. मी काहीतरी बोलायला हवं होतं, तर मी म्हणालो, "चांगलं चालतंय की अजून." (जगात त्या वेळी बोलण्यासारखी लाखभर वाक्यं होती, त्यातलं हे मला सापडलं.) तो म्हणाला, "आता तूच ने. कामाला येईल." त्यानंतर तो माझ्याशी एक शब्दही बोललेला नाही. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा मी चपला घालत होतो, तो चहा अजून माझ्या डोक्यात आहे.

असो. तर गेल्या सहा महिन्यांत माझे आकडे बिघडायला लागले. सकाळी एक मिनिट छप्पन्न, दुपारी अठ्ठावन्न, क्वचित त्याच्याही वर. बरणी तीच, नळी तीच. आमच्या बाई (प्रयोगशाळेच्या मुख्य, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या) म्हणाल्या की घड्याळ म्हातारं झालंय, मागे पडतंय. मला जे लागलं ते लागलं. मला म्हातारा म्हणाल्या असत्या तर चाललं असतं. मी रेडिओच्या वेळेशी घड्याळ तासभर ताडून बघितलं, अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. मग नळीवर संशय गेला, ती ॲसिडने धुतली. मग गरम पाण्याच्या टाकीवर गेला, तिचं तापमान तीन थर्मामीटरांनी बघितलं, तिघांचंही एकमत झालं. साधं पाणी घालून बघितलं तर वेळ अगदी पुस्तकातला. सगळे निर्दोष, म्हणजे दोषी कोण हे उघड होतं. बाईंनी तोंडाने म्हटलं नाही, पण एक दिवस स्टूल घेऊन माझ्या मागे येऊन बसल्या. त्या दिवशी सकाळ-दुपार आकडा एकच. दुसऱ्या दिवशी त्या बैठकीला गेल्या तर माझे आकडे परत चढले. असं तीनदा झालं. त्या असल्या की बरोबर, नसल्या की चूक. आता सांगा, कुणाला काय वाटेल? चोपन्नाव्या वर्षी माझी गणती वर्ग सोडून बाई बाहेर गेल्या की दंगा करणाऱ्यांत झाली.

खरा चोर पकडला तो दारावरच्याने. हा आमचा पहारेकरी, काटेकोर माणूस. स्वतः बाहेर जाऊन आला तरी वहीत स्वतःची नोंद करतो. बाईंनी एकदा सहज त्याची वही चाळली तर माझ्या खोलीपुढे जागोजागी लिहिलेलं: पाहुणा एक, नाव दादा, आत जाताना दिसला नाही, बाहेर जाताना दिसला नाही. बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "हे दादा कोण? बाहेरच्या माणसाला आत आणायला परवानगी लागते." मी म्हटलं, कुणीच येत नाही. दारावरचा म्हणाला, "मी फेरीवर असताना ऐकतो साहेब. तुम्ही तासन्‌तास दादा दादा करून बोलत असता. ते फार हळू बोलतात, त्यांचं काही ऐकू येत नाही."

वहिनी, आता तुमच्यापासून काय लपवायचं. द्रावण चाळीस अंशाला यायला वीस मिनिटं लागतात. पुन्हा मोजायचं तर पुन्हा वीस मिनिटं. त्या खोलीत खिडकी नाही, दुसरं माणूस नाही, समोर फक्त द्रावणाचा काचेचा पेला, म्हणजे बीकर. पहिल्यांदा मी त्याला "चल बाबा, लवकर ताप" एवढंच म्हणालो असेन. मग गुडघ्याचं सांगितलं. मग धोब्याचं. मग कधीतरी एकदा "दादा, तुला माहितेय का" असं तोंडातून गेलं, आणि पुढे ती सवयच पडली. आता बीकरवर झाकण ठेवायचं असतं, तसा नियम आहे, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडावर झाकण ठेवून बोलणं मला बरं दिसेना. म्हणून मी झाकण काढून ठेवायचो आणि बीकर जवळ ओढून घ्यायचो. आणि श्वासातून आपण काय सोडतो? तोच कार्बन डायऑक्साइड. धुराड्यातून जो बाहेर पडतो तोच मी तोंडाने सोडत होतो आणि ते इमानी द्रावण तो पकडून ठेवत होतं. मी जितका जास्त बोलायचो तितकं ते दाट व्हायचं. बाई खोलीत बसल्या की मी गप्प (बाईमाणसासमोर बीकरशी बोलायची हिंमत लागते), म्हणून आकडा बरोबर.

बाईंनी मग दारावरच्याची वही आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. पाहुणा आला त्या दिवशी द्रावण दाट, नाही आला त्या दिवशी पातळ. एकही दिवस चुकला नाही. एकंदर एकेचाळीस भेटी. तुमचा नवरा गेल्या सहा महिन्यांत इथे एकेचाळीस वेळा येऊन गेला आहे, वहिनी, त्याला कल्पना नाही. आलेखावर एक टोक सगळ्यांत उंच होतं, तिथे बोट ठेवून बाईंनी विचारलं की या तारखेला असं काय झालं होतं. मी म्हटलं, माझ्या भावाचा वाढदिवस होता. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुसला आणि परत कपाळावर ठेवला. मला वाटलं नोकरी गेली. पण त्यांनी अहवालात एक ओळ घातली: मोजणाऱ्याच्या संभाषणाचा परिणाम आढळला, उपाय म्हणून झाकण ठेवणे. आता माझ्या टेबलावर "झाकण ठेवा" अशी पाटी आहे. ती बीकरसाठी आहे की माझ्यासाठी हे मी विचारलेलं नाही.

मोजायला नवीन यंत्रही आलं आहे. ते स्वतःच द्रावण ओढतं, स्वतःच वेळ मोजतं, आणि त्याला तोंड नाही. मी त्याच्या शेजारी बसतो आणि आकडे बरोबर आले की मान डोलावतो. आप्पांच्या घड्याळाचं काम संपलं. ते मागे पडत नव्हतं, एवढं मात्र बाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि मला आप्पांना कुणीतरी बरं म्हटल्यासारखं वाटलं.

बाकी सर्व क्षेम. तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. खांदा शेकत जा, जड उचलू नका. दादाला नमस्कार सांगा असं दर वेळी लिहितो, या वेळी लिहीत नाही, सांगितलात तर सांगितलात.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. पुढचं नीट वाचा. यंत्र आल्यावर माझी उरलेली द्रावणं टाकून द्यायची होती. मी बाईंना म्हटलं, एक बीकर मला चार दिवस द्या, त्याच्याशी बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "बोला, पण नोंद ठेवा." ताजं द्रावण एक छप्पन्नला उतरतं हे मी सांगितलंच आहे. पहिल्या दुपारी मी झाकण काढून चार वाजेपर्यंत बोललो, मग मोजलं: एक मिनिट अठ्ठावन्न. दुसऱ्या दुपारी लहानपणचं सगळं काढलं, दोरीचं, खांबाचं, त्याने माझ्या वाटणीचा मार आप्पांकडून खाल्ला होता त्याचं. दोन मिनिटं एक सेकंद. तिसऱ्या दुपारी विषयच संपले. मग जे तीन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणालो, की दादा, माझं चुकलं, माझा अंगठा मेला गाढव आहे, तू तेव्हा कसा धावला होतास ते मी दोरी धरून सगळ्यांत जवळून बघितलं होतं. (द्रावणाला शब्द कळत नाहीत हे मला माहीत आहे. त्याला फक्त श्वास कळतो. पण हे बोलायला बराच श्वास लागला.) मग मोजायला बसलो. आता कुणी म्हणेल, घड्याळाकडे बघत बघत हव्या त्या जागी बटण दाबलं की झालं. तसं शेंबडं पोरही करील. पण आप्पा कधी घड्याळाकडे बघून बटण दाबत नसत, रेषेकडे बघून दाबत. मीही काचेवरच्या रेषेकडेच बघत राहिलो. द्रावण रेषेखाली गेलं की दाबायचं, मग घड्याळ बघायचं. कमी आलं की पुन्हा शून्य, पुन्हा थोडं बोलणं, पुन्हा नळी. एकोणिसाव्या वेळी, तोवर रात्र झाली होती, घड्याळ बघितलं तर दोन मिनिटं तीन सेकंद आणि वर एक रेघ. मी हात टेबलाखाली घेतले आणि दारावरच्याला हाक मारून घड्याळ त्याच्याकडून उचलवलं. माझ्या अंगठ्यावर माझा भरवसा नाही.

ता. क. दुसरा. तर घड्याळ आता माझ्या खोलीत टेबलावर आहे, उपड्या बीकरखाली. दादाची वेळ त्यावर परत आली आहे. ही ती वेळ नाही, हे मला कळतं. ती धावून आलेली होती, ही बोलून आलेली आहे. तरी ती खोटी नाही. हे पार्सलने पाठवता येत नाही. वाटेत बटणावर कुठे ठोका बसला तर काटा पुन्हा शून्यावर, आणि पुन्हा तीन दुपारी बोलण्याइतकं माझ्याकडे काही उरलेलं नाही. म्हणून ते कुणीतरी येऊन, खिशात न ठेवता, हातात धरून न्यायला हवं. तुमचा खांदा दुखतो, तुम्ही येऊ नका. दुसरं कोण येऊ शकेल ते तुम्हीच बघा. कप दोन आहेत. चहा मी बरा करतो. दारावरच्याने एवढंच सांगून ठेवलं आहे की पाहुण्यांनी या खेपेला वहीत सही करायची, एकेचाळीस वेळा ते सहीशिवाय आत गेले आहेत.

ता. क. तिसरा, आणि हा कागद तेवढा कापून टाका. बाईंनी घड्याळाच्या बटणावर घट्ट बसेल असं एक छोटं झाकण शोधून दिलं आहे. ते लावलं तर घड्याळ पार्सलनेच काय, जिन्यावरून गडगडत गेलं तरी काटा हलणार नाही. मी ते लावलेलं नाही. दादाला यातलं काही कळू देऊ नका.